मेलमधून येणारी आरडीपी फाइल: तीच तक्रार ऑफिसात पुन्हा पुन्हा का येते आणि ती कुठे थांबवायची

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. मेलमध्ये एक छोटी आरडीपी फाइल होती, रिमोट डेस्कटॉपचं (म्हणजे नेटवर्कवरून दुसरा कॉम्प्युटर वापरायच्या विंडोजमधल्या सोयीचं) चिन्ह असलेली. उघडली, एक इशारा आला, 'कनेक्ट' दाबलं. क्षणभर एक खिडकी दिसली, तिच्यात 'जोडणीची चाचणी सुरू आहे' असा काहीसा मजकूर होता, मग ती गेली. पासवर्ड कुठेच टाकला नाही, काही डाउनलोडही झालं नाही. आयटीवाले अँटिव्हायरस फिरवतात, काही सापडत नाही, तो पत्ता फायरवॉलवर अडवतात आणि तक्रार बंद होते. थोड्या दिवसांनी दुसऱ्या विभागातून हेच ऐकू येतं, फक्त पत्ता वेगळा असतो.

हे परत परत घडतं, कारण इलाज दर वेळी चुकीच्या जागी होतो. फाइलमध्ये व्हायरस शोधला जातो आणि तो तिच्यात नसतोच. त्याहून मोठं कारण असं, की बऱ्याच ऑफिसांत आयटी विभाग स्वतःच अशा फाइली मेलने पाठवतो आणि त्या उघडायची लोकांना सवय होऊन गेलेली असते. या दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. पण तुमच्याकडे आत्ताच कुणी अशी फाइल उघडली असेल, तर आधी पुढचा भाग वाचा.

फाइल उघडली गेली असेल तर

नेटवर्क तोडा. केबल काढा, वाय-फाय बंद करा. समोरची खिडकी बंद करणं पुरेसं नाही. या फाइली बऱ्याचदा 'रिमोटॲप' पद्धतीने उघडतात, म्हणजे संपूर्ण डेस्कटॉप न दिसता एकच खिडकी दिसते, अगदी आपल्याच कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम असावा तशी. ती बंद केली तरी मागची जोडणी काही वेळ जिवंत राहू शकते. टास्क मॅनेजरमध्ये 'एमएसटीएससी' (mstsc.exe, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅम) ही प्रोसेस चालू दिसत असेल तर जोडणी अजून संपलेली नाही असंच समजा.

कॉम्प्युटर बंद करू नका आणि रीस्टार्ट तर मुळीच करू नका. एक तर मेमरीत असलेले पुरावे जातात. दुसरं म्हणजे हल्लेखोराने तुमच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये काही टाकून ठेवलं असेल, तर तुम्ही पुढच्या वेळी लॉगइन कराल तेव्हाच ते चालू होतं. रीस्टार्ट करून आपण त्याचं उरलेलं काम पूर्ण करून देतो.

मेल आणि फाइल दोन्ही जागेवर राहू द्या. खात्री करून घ्यायला सहकाऱ्याला फॉरवर्ड करू नका. फाइल किती वाजता उघडली आणि किती वेळ उघडी होती हे कागदावर लिहा आणि आयटीला फोन करा. पासवर्ड बदलायचे तर दुसऱ्या, खात्रीच्या कॉम्प्युटरवरून बदला.

विभागप्रमुखांना कळकळीने सांगणं आहे: असा फोन करणाऱ्यावर रागावू नका. पहिल्या काही मिनिटांत कळलं तर एका कॉम्प्युटरपुरतं निभावतं. बोलणी खावी लागतील या भीतीने माणूस गप्प बसला, तर कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

त्या फाइलमध्ये असतं काय

आरडीपी फाइल म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडली तर ओळीमागून ओळी दिसतात, प्रत्येक ओळीत एक सेटिंग. संशयास्पद फाइल पाहायची असेल तेव्हा डबल क्लिक न करता नोटपॅड आधी उघडून त्यातून ती उघडावी, आणि हे काम शक्यतो आयटीच्या माणसानेच करावं.

'फुल ॲड्रेस' या ओळीत कुठल्या सर्व्हरला जोडायचं त्याचा पत्ता असतो. पहिली नजर इथे टाका. पुढे 'ड्राइव्ह्ज टू रीडायरेक्ट' या नावाची ओळ असते. तिच्यापुढे तारांकनाची खूण असेल तर अर्थ असा, की या कॉम्प्युटरचे सगळे ड्राइव्ह समोरच्या सर्व्हरला दिसावेत. सगळे म्हणजे सी ड्राइव्ह, लावलेला पेनड्राइव्ह आणि ऑफिसच्या सर्व्हरवरचे जोडून घेतलेले सामायिक फोल्डरसुद्धा. त्याखाली क्लिपबोर्ड, प्रिंटर, स्मार्ट कार्ड, मायक्रोफोन यांच्या ओळी असतात. आकडा १ असेल तर ती गोष्ट समोरच्याला दिली जाते, ० असेल तर नाही (मायक्रोफोनच्या ओळीचंही तसंच). सिक्युरिटी की आणि विंडोज हॅलोची (बोट, चेहरा किंवा पिनने ओळख पटवायची) विनंतीसुद्धा या मार्गाने पलीकडच्या सत्रातून तुमच्या पडद्यावर येऊ शकते.

एवढंच. मॅक्रो नाही, स्क्रिप्ट नाही, चालणारा कोड नाही. अँटिव्हायरसला काही सापडत नाही ते यामुळेच. ज्या प्रोग्रॅममधून जोडणी होते तो विंडोजचा स्वतःचा, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेला. सगळे भाग चोख असतात, पत्ता तेवढा परक्याचा असतो.

या तंत्राची मेख दिशेत आहे. रिमोट डेस्कटॉप म्हटलं की आपल्याला वाटतं, आपण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जातोय, मग आपल्या कॉम्प्युटरला काय होणार? प्रत्यक्षात जोडणीसोबत आपले ड्राइव्ह तिकडे जातात. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाताना आपल्या घराच्या किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवण्यासारखं आहे हे. पलीकडच्या सर्व्हरवर बसलेल्याला तुमचा सी ड्राइव्ह एखाद्या नेटवर्क फोल्डरसारखा दिसतो. तो त्यातून फाइली उचलू शकतो आणि तुमच्या खात्याला परवानगी आहे अशा कुठल्याही जागी फाइल ठेवूही शकतो. स्टार्टअप फोल्डर अशीच एक जागा आहे. क्लिपबोर्ड दिला गेला असेल तर त्या वेळात तुम्ही कॉपी केलेलं सगळं, पासवर्ड मॅनेजरमधून उचललेल्या पासवर्डसकट, पलीकडे वाचता येतं.

'मी पासवर्ड टाकलाच नाही' या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका. सर्व्हर हल्लेखोराचा आहे. लॉगइन मागायचं की नाही हे तो ठरवतो आणि बऱ्याचदा मागतच नाही. त्याला तुमचा पासवर्ड नको असतो. जोडणी झाली की ड्राइव्ह मिळालेले असतात.

आणि ही जोडणी आतून बाहेर जाते. तुमच्या ऑफिसने बाहेरून येणारा ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट कितीही घट्ट बंद केला असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही.

'सही केलेली फाइल आहे, मग ठीक असेल'

हा गैरसमज फार पसरला आहे आणि तो महागात पडतो. मायक्रोसॉफ्टने ज्याला 'मिडनाइट ब्लिझर्ड' नाव दिलं आहे त्या हल्लेखोर गटाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा फाइलींची मोठी मोहीम चालवली. हा गट रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर सेवेचा असल्याचं अमेरिका आणि ब्रिटनच्या सरकारांनी जाहीर केलेलं आहे. १०० हून अधिक संस्थांमधल्या हजारो लोकांना मेल गेले. त्यात सरकारी कार्यालयं, विद्यापीठं, संरक्षण क्षेत्र आणि स्वयंसेवी संस्था होत्या. मजकूर मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनची क्लाउड सेवा आणि 'झीरो ट्रस्ट' या सुरक्षा संकल्पनेच्या नावावर रचलेला होता. म्हणजे सुरक्षितता वाढवण्याच्या बहाण्यानेच फाइल उघडायला लावली गेली. मेल आधीच ताबा मिळवलेल्या खऱ्या संस्थांच्या पत्त्यांवरून आले. आणि फाइलींवर सही होती, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सर्टिफिकेटने केलेली.

लेट्स एन्क्रिप्ट ही प्रतिष्ठित संस्था आहे, सर्टिफिकेट फुकट देते, आणि अमुक डोमेन (इंटरनेटवरचं नाव) तुमच्या ताब्यात आहे एवढंच तपासते. त्या डोमेनचा मालक भला आहे की बुरा, हे सांगणं तिचं काम नाही. आरडीपी फाइल उघडताना मात्र फरक पडतो. सही नसेल तर 'प्रकाशक ओळखता येत नाही' असा पिवळ्या पट्टीचा इशारा येतो. मान्य सर्टिफिकेटची सही असेल तर तो सौम्य होतो: 'या प्रकाशकावर तुमचा विश्वास आहे का?' असं विचारलं जातं आणि प्रकाशकाचं नाव दिसतं. ते नाव एखाद्या मोठ्या कंपनीसारखं वाटणारं, पण हल्लेखोराने विकत घेतलेलं डोमेन असू शकतं. नाव अक्षर न अक्षर वाचा.

या खिडकीत अजून एक भाग असतो, जो जवळपास कुणी बघत नाही. तिच्यात कुठल्या कुठल्या गोष्टी समोरच्याला दिल्या जाणार आहेत त्याची यादी असते. काही आवृत्त्यांत ती समोर दिसते, काहींत 'तपशील' दाबावं लागतं. तिथे 'ड्राइव्ह' दिसलं आणि तुम्हाला त्याचं कारण माहीत नसेल, तर खूण काढत बसू नका, सरळ रद्द करा. ज्या फाइलबद्दल एवढी शंका आली ती अर्धवट परवानग्या देऊनही उघडायची गरज नाही.

माग कसा काढायचा

हा भाग आयटीसाठी. वापरकर्त्याचं 'मी उघडली असेन बहुतेक' यावर थांबू नका, विंडोज बऱ्यापैकी नोंदी ठेवतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, या क्रमाने आत जाऊन 'टर्मिनलसर्व्हिसेस-क्लायंटॲक्टिव्हएक्सकोअर' उघडा. तिथल्या आरडीपी-क्लायंटच्या ऑपरेशनल लॉगमध्ये १०२४ क्रमांकाची नोंद कुठल्या सर्व्हरला जोडायचा प्रयत्न झाला ते सांगते. १०२४ दिसलं म्हणजे जोडणी यशस्वी झालीच असं नाही, म्हणून तिच्या आसपासच्या नोंदी आणि फायरवॉलचा लॉग सोबत ठेवून वाचा. ११०२ मध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता मिळतो. तो एक पत्ता मिळाला की साऱ्या ऑफिसच्या लॉगमध्ये शोधा. एका माणसाला मेल आला असेल तर तो एकट्यालाच आला असेल असं धरून चालू नका.

मग रजिस्ट्रीत वापरकर्त्याच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, 'टर्मिनल सर्व्हर क्लायंट' इथे जा. 'सर्व्हर्स' खाली पूर्वी जोडलेले सर्व्हर असतात. याच जागी 'लोकलडिव्हायसेस' आणि 'पब्लिशरबायपासलिस्ट' या दोन नोंदी आहेत आणि समस्या परत उद्भवण्यामागे त्यांचा मोठा हात असतो. 'या जोडणीसाठी पुन्हा विचारू नका' किंवा 'या प्रकाशकासाठी पुन्हा विचारू नका' अशी खूण केली की तो निर्णय इथे साठतो. तक्रार बंद करताना फाइल डिलीट होते, मेल डिलीट होतो, आणि ही परवानगी तशीच राहते. त्याच प्रकाशकाची पुढची फाइल मग विनाइशारा उघडते. सफाई करताना ओळखीच्या नसलेल्या सगळ्या नोंदी इथून काढून टाका.

शेवटी, एमएसटीएससीने त्या वेळात डिस्कवर काय लिहिलं ते पाहा. तुमच्याकडे एंडपॉइंटवर नजर ठेवणारं साधन असेल तर हा शोध सोपा आहे. नसेल तर त्या वेळेनंतर बदललेल्या फाइली शोधा आणि सुरुवात स्टार्टअप फोल्डरपासून करा. काय वाचलं गेलं याची नोंद बहुधा मिळत नाही. म्हणून त्या कॉम्प्युटरवर आणि जोडलेल्या सामायिक फोल्डरमध्ये असलेल्या एसएसएच की, व्हीपीएनच्या फाइली, पासवर्ड लिहून ठेवलेल्या एक्सेल शीट (असतातच) हे सगळं बाहेर गेलं असं धरून बदला. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं.

परत येऊ नये म्हणून

पहिलं काम मेलवर. आरडीपी प्रकारच्या अटॅचमेंट मेल सर्व्हरवरच अडवा, झिपमध्ये गुंडाळलेल्यासुद्धा. यावर नेहमीचा आक्षेप येतो: 'पण आम्ही स्वतःच नव्या माणसाला अशी फाइल पाठवतो.' दुखण्याचं मूळ इथेच आहे. ज्या ऑफिसात खरी फाइल मेलने येते तिथे खोटी ओळखायची जबाबदारी प्रत्येक कर्मचाऱ्यावर पडते आणि शेकडो माणसांपैकी कुणीतरी कधीतरी चुकणारच. फाइली वाटायच्या असतील तर व्यवस्थापन प्रणालीतून थेट कॉम्प्युटरवर ठेवा, किंवा लॉगइन मागणाऱ्या अंतर्गत पोर्टलवर ठेवा. मग सगळ्यांना एकच साधा नियम सांगता येतो: मेलने किंवा चॅटवर आलेली आरडीपी फाइल आमची नसते, कधीच नसते. अपवाद नसलेला नियमच लोकांच्या लक्षात राहतो.

दुसरं काम ग्रुप पॉलिसीचं, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरना एका जागेवरून लावायच्या नियमांचं. 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट' या विभागात अनोळखी प्रकाशकांच्या आरडीपी फाइलींना परवानगी द्यायची की नाही, अशी पॉलिसी आहे. ती 'डिसेबल' करा. त्याआधी आपल्या स्वतःच्या फाइलींवर ऑफिसच्या सर्टिफिकेटने सही करून घ्या. विंडोजमध्येच 'आरडीपीसाइन' नावाची कमांड त्यासाठी आहे. मात्र लक्षात असू द्या, ही पॉलिसी सही नसलेल्या फाइली अडवते, २०२४ मधल्यासारख्या मान्य सर्टिफिकेटच्या फाइली अडवत नाही. तिच्याच शेजारी मान्य प्रकाशकांबद्दलची दुसरी पॉलिसी आहे. ती घाईघाईने 'डिसेबल' करू नका, कारण तिने रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम थेट उघडून जोडणंही बंद होतं आणि ॲडमिन मंडळींचीच कामं अडतात.

इथे एक चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. 'ड्राइव्ह रीडायरेक्शनला परवानगी देऊ नका' नावाची पॉलिसी सापडते, ती चालू केली जाते आणि काम झालं असं मानलं जातं. ती पॉलिसी 'रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट' या विभागात आहे. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला बाहेरून कुणी जोडलं तर त्याचे ड्राइव्ह इकडे येऊ नयेत, यासाठी. तुमचा माणूस हल्लेखोराच्या सर्व्हरला जोडतो तेव्हा सेशन होस्ट हल्लेखोराचा असतो आणि त्याच्यावर तुमची पॉलिसी चालत नाही.

तिसरं काम सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, तरी सगळ्यांत कमी केलं जातं: बाहेर जाणारी वाट बंद करणं. कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटवरच्या कुठल्याही पत्त्याला रिमोट डेस्कटॉपने जोडायची गरज बहुतेकांना नसते. ज्यांना असते त्यांचे सर्व्हर ठरलेले असतात. परिघावरच्या फायरवॉलवर बाहेर जाणारा ३३८९ टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी बंद करा आणि ठरलेल्या पत्त्यांनाच सूट द्या. पण फाइलमधल्या पत्त्यापुढे हल्लेखोर दुसरा पोर्टही लिहू शकतो, ४४३ सुद्धा. म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरच्या विंडोज फायरवॉलमध्ये एमएसटीएससी या प्रोग्रॅमलाच ऑफिसबाहेरच्या पत्त्यांकडे जायला मनाई करा. मग पोर्ट कुठलाही असो. एकेक वाईट डोमेन अडवत बसण्यापेक्षा हा एक नियम मोलाचा आहे. डोमेन रोज नवं मिळतं.

ज्यांना रिमोट डेस्कटॉप लागतच नाही त्यांच्या कॉम्प्युटरवर आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडेल असं फाइल असोसिएशन लावता येतं. छोटी गोष्ट आहे, पण चुकून झालेलं डबल क्लिक तिथेच विरतं. सोबत फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंगही सगळीकडे लावा. विंडोज ती मुळात लपवतं, त्यामुळे 'अहवाल.पीडीएफ.आरडीपी' हे नाव नुसतं 'अहवाल.पीडीएफ' असं दिसतं.

नजर ठेवायची तर एक खूण फार बोलकी आहे. एमएसटीएससी सुरू होताना तिच्या कमांड लाइनमध्ये आउटलुकच्या तात्पुरत्या फोल्डरचा, डाउनलोड्सचा किंवा टेम्पचा रस्ता असेल, तर ती फाइल मेलमधून किंवा ब्राउझरमधून थेट उघडली गेली आहे. फाइली मेलने पाठवणं तुम्ही बंद केलं असेल तर या घटनेला निरुपद्रवी कारण जवळपास उरत नाही आणि दर वेळी खुशाल फोन करून विचारता येतं.

एवढं करूनही तक्रार आली तर

एक फाइल स्वतः बनवा, सही नसलेली, तुमच्याच एखाद्या चाचणी सर्व्हरचा पत्ता घातलेली. ती बाहेरच्या मेल खात्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. मेलवरच अडली तर छान. मग तीच फाइल पेनड्राइव्हवरून उघडून पाहा. उघडली तर त्या कॉम्प्युटरवर ग्रुप पॉलिसी पोचलेलीच नाही. यात बहुतेक वेळा सापडतात ते ऑफिसच्या विंडोज डोमेनला कधीच न जोडलेले लॅपटॉप, कंत्राटदारांचे कॉम्प्युटर आणि घरून काम करणाऱ्यांची स्वतःची यंत्रं. त्यांच्यावर परिघाची फायरवॉलही लागू नसते, कारण ती घरच्या इंटरनेटवर असतात. अशा यंत्रांवरून ऑफिसचा मेल उघडायची परवानगी द्यायची असेल तर ब्राउझरमधूनच द्या आणि अटॅचमेंट डाउनलोड करणं बंद ठेवा. तेही जमत नसेल, तर त्या यंत्रावर ऑफिसचे सामायिक फोल्डर जोडू देऊ नका.